दाबोळीवर गेलेली पुण्याची विमानं आणि फोटोतली मागची रांग

१९ डिसेंबर जवळ आला की गोवामुक्तीचे जुने कृष्णधवल फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. जीपा, जवान, शरण आलेले पोर्तुगीज. बॉम्बफेकी विमानं त्यात क्वचितच दिसतात. आणि ती तर आपल्या पुण्याहून, लोहगावातून उडालेली!

१८ डिसेंबर १९६१. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग आणखी ८ विमानं घेऊन गेले. हुकूम स्पष्ट होता: धावपट्टी फोडा, इमारतींना धक्का नको. तो तंतोतंत पाळला गेला. आता खरं सांगायचं तर पोर्तुगीजांकडे तिथं एकही लढाऊ विमान नव्हतं, त्यामुळं शौर्यकथा उगाच फुगवू नये. उलट त्याच रात्री त्यांनी खड्डे बुजवले आणि उभी असलेली दोन मोठी विमानं बायकापोरांना घेऊन थेट कराचीला नेली.

कॅनबेराचा फोटो नीट बघा. डावीकडं सरकलेला काचेचा घुमट, त्यात वैमानिक. दुसरा माणूस, नॅव्हिगेटर, दिसतच नाही. तो विमानाच्या नाकात, बॉम्ब टाकताना पालथा पडून नेम धरायचा. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्यानं पॅराशूट लावून बाजूच्या दारातून उडी टाकायची. विमान खालून उडत असेल तर काय होणार, ते सांगायला नको.

स्क्वाड्रनच्या फोटोची रीतही ठरलेली. पुढं खुर्च्यांवर अधिकारी, मागं उभे एअरमन: बॉम्ब चढवणारे, इंजिन बघणारे, वायरलेसवाले. इतिहासात पुढच्या रांगेची नावं येतात. मागच्या रांगेची नावं असतात ती फक्त घरच्या प्रतीमागं, पेन्सिलीनं लिहिलेली. ती पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. आणि जुन्नर-आंबेगावात जुने वाडे पाडताना माळ्यावरच्या ट्रंका थेट भंगारवाल्याकडं जातायत.

तुमच्या घरात आजोबांचा हवाई दलातला फोटो असेल, तर आधी फ्रेम उघडून मागची बाजू बघा. काही लिहिलेलं नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारा: कोण, कुठं, कुठल्या साली. उत्तर मऊ पेन्सिलीनं मागं लिहा, बॉलपेननं नको, वळ पुढं उमटतो. दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा.