पाण्याखालची पेरणी

टर्नर हा इंग्रज चित्रकार खवळलेल्या समुद्रासाठी प्रसिद्ध आहे. पण मला त्याचे १८२२ ते १८२४च्या सुमाराचे एक जलरंगचित्र अधिक जवळचे वाटते. इंग्लिश खाडीवरचे फोकस्टोन गाव, अर्धवट उजेड, होडीतली माणसे पाण्यातून काहीतरी ओढताहेत. वाटते, मासेमारी चालली आहे. वर येतात ती चोरट्या जिनची पिंपे!

रीत अशी : पलीकडच्या किनाऱ्यावरून आणलेली छोटी पिंपे दोराला बांधायची, दगड लावून बुडवायची आणि पहारा ढिला पडला, की गळ टाकून काढायची. तस्कर या बुडवण्याला ‘पेरणी’ म्हणत.

एवढा जीव धोक्यात का घालायचा? कारण जबर कर. चहावरचा कर शंभर टक्क्यांहून अधिक होता. १७८४मध्ये पंतप्रधान पिट यांनी तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाची तस्करी ओसरली. दारूवरचा कर मात्र चढाच राहिला. १८२२मध्ये सरकारने तटरक्षक दल उभारले. सापडलेल्या धडधाकट खलाशाची रवानगी सक्तीने नौदलात होई.

कायद्याच्या लेखी ही माणसे चोर, घरच्यांच्या लेखी कर्ती. त्यांच्या हातातला ओला दोर पाहताना मला अजून निवाडा करता येत नाही.