गार्द, गारद आणि गारदी

फ्रेंच भाषेत ‘गार्द’ हे रोजच्या वापरातले नाम आहे. पहारेकरी म्हणजे गार्द आणि पहाराही गार्दच. पहिला पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, एवढाच भेद. तलवार धरणाऱ्या हाताला वार लागू नये म्हणून मुठीपाशी जी आड असते तीही गार्द. पुस्तकाच्या आरंभी व अखेरीस घातलेल्या कोऱ्या पानासही हेच नाव. आईबापांची फारकत झाली की मूल ज्याच्याकडे राहते, त्याच्याकडे त्या मुलाची गार्द असते. ‘गार्द घे’ म्हणजे सावध राहा. जपणे हा एकच भाव या साऱ्या अर्थांतून वाहतो.

हा शब्द दख्खनेत आला तो बंदुकीसह. १७५१ साली फ्रेंच सेनानी बुसी याने सलाबतजंगास निजामाच्या गादीवर बसविले आणि औरंगाबादेत आपला जम बसविला. मराठी कागदपत्रांत तो ‘मुसा बुसी’ म्हणून येतो. फ्रेंचांच्या ‘मस्य’ या आदरवाचकाचा आपल्या लोकांनी केलेला हा मुसा! जिंतूर, परभणी, नांदेडचा मुलूख पुढे १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात राहिला, त्याच राज्यात बुसीच्या कवायती पायदळाला ‘गारदी’ हे नाव रूढ झाले. पोर्तुगीज ‘ग्वार्दा’कडेही या शब्दाचे मूळ शोधता येईल; परंतु या पलटणी ज्यांच्या हाताखाली घडल्या ते पाहता फ्रेंच उगमच मला अधिक सयुक्तिक वाटतो.

याच तालमीतला इब्राहिमखान. निजामाची चाकरी सोडून तो पेशव्यांकडे आला. १७६० च्या उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी निजामालाच जेरीस आणले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याचे गारदी मोठ्या संख्येने पडले. तो स्वतः जखमी होऊन अफगाणांच्या हाती लागला व मारला गेला. त्या दिवशी तरी शब्दाने आपला अर्थ राखला होता.

पुढे बारा वर्षांनी तो उलटला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचा तगादा लावीत गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावाचा त्यांनी खून केला. म्होरक्यांत सुमेरसिंग होता. चुलते रघुनाथराव यांस रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले. इतिहासात त्यांची नोंद आहेच. भाषेने मात्र शिक्षा दिली ती गारद्यांना. मराठीत गारदी म्हणजे भाडोत्री मारेकरी, असा अर्थ कायमचा चिकटला. पानिपतावर मेलेल्या शेकडो गारद्यांवर हा अन्यायच म्हणावा लागेल. इब्राहिमखानाच्या नावापुढे ‘गारदी’ वाचताना आजचा विद्यार्थी प्रथम दचकतो, तो यामुळेच.

‘शत्रू गारद झाला’ यातील गारद मात्र निराळा. तो ‘गारत’चा, म्हणजे लुटीच्या अरबी-फार्सी शब्दाचा वंशज. दोन परके शब्द मराठीत येऊन एकाच रूपात मिसळले, आणि रक्षण व नाश एका उच्चारात बसले.

पहाऱ्याची गारद कचेऱ्यांतून, तुरुंगांतून राहिली. अलीकडे तिला आणखी एक अर्थ फुटला आहे. शिवजयंतीला जिंतूरसारख्या गावातूनही एखादा तरुण छाती भरून महाराजांची बिरुदे उच्चारतो, आणि लोक म्हणतात, ‘गारद दिली’.