सपाट तळाच्या तलावांतील वॉलआयची हिवाळी मासेमारी

सपाट तळाच्या तलावांतील वॉलआयची हिवाळी मासेमारी हा उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या बर्फावरील मासेमारीचा एक प्रकार आहे. गोठलेल्या तलावाच्या बर्फात छिद्र पाडून त्यातून गळ सोडला जातो व वॉलआय हा मासा पकडला जातो. बहुतेक तलावांत खडकांच्या रांगा, बुडालेले उंचवटे, तीव्र उतार अशा ठळक तळरचनांजवळ मासे जमतात व त्यांच्या आधारे जागा निवडता येते. तळ जवळजवळ सपाट असल्यास असा आधार मिळत नाही. त्यामुळे तळातील बारीक फरक, माशाचे खाद्य, प्रकाश आणि थव्यांची हालचाल यांवरून माशाचा माग काढावा लागतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील अपर रेड लेक हे अशा मासेमारीचे ठळक उदाहरण आहे. या तलावातील वॉलआयचा ऱ्हास व पुनरुज्जीवन यांमुळे हा विषय मत्स्यव्यवस्थापनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला.

माशाची ओळख

वॉलआय (शास्त्रीय नाव: सँडर व्हिट्रियस) हा पर्च कुलातील गोड्या पाण्यातील मांसाहारी मासा आहे. तो मूळचा कॅनडा व अमेरिकेचा असून १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. कॅनडाच्या काही भागांत, विशेषतः मॅनिटोबात, त्याला पिकरेल म्हणतात. मात्र त्याच नावाने ओळखला जाणारा पाइक कुलातील मासा वेगळा आहे.

वॉलआयच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधुक प्रकाशात व गढूळ पाण्यात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस हे त्याच्या शिकारीचे मुख्य काळ असतात. पिवळा पर्च व शायनर जातीचे लहान मासे हे त्याचे नेहमीचे खाद्य आहे. तो बहुधा थव्याने वावरतो. थंड रक्ताचा असल्यामुळे हिवाळ्यात त्याची पचनक्रिया व हालचाल मंदावते, परंतु तो खाणे थांबवत नाही.

सपाट तळाची कारणे

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या हिमनद्यांच्या पाण्यापासून ॲगासिझ नावाचे अतिविशाल सरोवर तयार झाले होते. त्याच्या तळाशी हजारो वर्षे बारीक गाळ साचत राहिला. विनिपेग सरोवर, लेक ऑफ द वूड्स आणि रेड लेक हे त्या सरोवराचे आजचे अवशेष आहेत. त्यांच्या अनेक भागांत तळ मैलोन्‌मैल एकसारखा दिसतो, याचे कारण या गाळात आहे.

रेड लेक हे अप्पर व लोअर अशा दोन जोडलेल्या भागांचे सरोवर असून त्याचे एकूण क्षेत्रफळ ११०० चौ. किमीपेक्षा जास्त आहे. अपर रेड लेकच्या बहुतेक भागाची खोली ५ मीटरपेक्षा कमी आहे. किनाऱ्याजवळ एक सौम्य उतार असून त्यापुढे तळ थाळीसारखा सपाट आहे. भोवतालच्या दलदलीतून येणाऱ्या पाण्यामुळे तलावाचे पाणी चहासारखे तपकिरी दिसते. प्रकाश खोलवर पोहोचत नसल्याने येथे वॉलआय दिवसाही गळाला लागू शकतो.

जागा शोधण्याची तत्त्वे

सपाट तलावात माशाला ठरावीक ठिकाणी बांधून ठेवणारे काही नसते. थवे खाद्याच्या मागे फिरतात व काल मिळालेली जागा आज रिकामी असू शकते. त्यामुळे अनुभवी मच्छीमार एका छिद्राशी दीर्घकाळ बसण्याऐवजी पद्धतशीर फिरतीवर भर देतात. शोध घेताना पुढील घटक विचारात घेतले जातात.

खोलीतील किंचित फरक: इतरत्र नगण्य वाटणारा ३० सेंटिमीटरचा चढउतारही येथे माशांच्या वाटेची दिशा ठरवू शकतो. हंगामाच्या आरंभी किनाऱ्यालगतच्या उताराची कड हे पहिले शोधस्थान असते. हिवाळा सरकतो तसे अनेक थवे मधल्या खोलगट भागाकडे जातात. मुख्य थंडी सरल्यावर वसंतातील विणीच्या ओढीने मासे पुन्हा नदीमुखांच्या व किनाऱ्याच्या दिशेने वळू लागतात.

तळाच्या पोतातील बदल: वाळू व चिखल यांची सीमा नकाशावर सहसा दिसत नाही. चिखलात डासासारख्या कीटकांच्या अळ्या राहतात, त्या खाण्यासाठी पर्च येतात आणि पर्चच्या मागे वॉलआय येतो. कठीण तळावरून सोनारचा प्रतिध्वनी ठळक येतो व बऱ्याचदा त्याखाली दुसरा प्रतिध्वनीही उमटतो, तर मऊ चिखलावरून तो क्षीण येतो. हा बदल ज्या दोन छिद्रांच्या दरम्यान होतो, तेथे शोध अधिक बारकाईने केला जातो.

खाद्यमाशांची उपस्थिती: सोनारवर लहान माशांचे पुंजके दिसणे किंवा गळाला लहान पर्च लागणे, हे जागा सोडून न देण्याचे एक कारण मानले जाते. काही वेळा लहान मासे अचानक नाहीसे होतात. तो मोठा शिकारी मासा जवळ आल्याचा संकेत असू शकतो.

प्राणवायू: बर्फावर जाड हिम साचल्यास पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबते व कुजणाऱ्या पदार्थांमुळे प्राणवायू घटतो. हा परिणाम उथळ व सुपीक तलावांत अधिक जाणवतो. अशा वेळी कुजका गाळ साचलेला भाग टाळला जातो.

आवाज: उथळ पाण्यात वाहनांचा व गिरमिटाचा आवाज माशांपर्यंत सहज पोहोचतो. गर्दी वाढल्यावर मासे तेथून दूर जातात, असा मच्छीमारांचा अनुभव आहे. म्हणून सर्व छिद्रे आधी पाडून घेणे व काही वेळाने शांतपणे त्यांवर परतणे ही पद्धत रूढ आहे.

शोधाची पद्धत

सामान्यतः किनाऱ्याकडून खोल भागाकडे एका सरळ रेषेत, समान अंतरावर छिद्रांची मालिका पाडली जाते. प्रत्येक छिद्रातील खोली व तळाचा प्रकार नोंदवला जातो. नंतर प्रत्येक छिद्रात साधारण दहा ते पंधरा मिनिटे गळ हलवून पाहिला जातो. मासा दिसल्यास किंवा लागल्यास त्या छिद्राभोवती जवळजवळ नवी छिद्रे पाडून थवा कोणत्या दिशेने सरकतो आहे हे तपासले जाते. गटाने मासेमारी करणारे निरनिराळ्या खोलींवर विखुरतात. एकाला मासा लागला की इतर जण त्याच खोलीकडे सरकतात. यश मिळालेल्या छिद्रांची स्थाने जीपीएसवर नोंदवली जातात. सपाट तलावात अशा नोंदींवरून थव्यांच्या वाटेचा अंदाज बांधता येतो. स्थिर जागा म्हणून त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

साधने

हिममासेमारीचे सोनार उपकरण छिद्रातून खाली शंकूच्या आकारात ध्वनिलहरी पाठवते. २० अंशांच्या शंकूत तळावर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. म्हणजे ४ मीटर खोलीवर जेमतेम १.४ मीटर रुंदीचा तळ दिसतो. उथळ तलावात सोनार कोरे दिसणे म्हणजे मासे नसणे, असा निष्कर्ष यामुळे काढता येत नाही. मासा दोन मीटरवरूनही अदृश्य राहून जाऊ शकतो. सपाट तलावात अनेक छिद्रांची गरज पडते ती मुख्यतः याच कारणाने. अलीकडे आडव्या दिशेने पाहणारी थेट-प्रतिमा सोनार उपकरणे वापरात आली आहेत. त्यांच्यामुळे शोध सुलभ झाला असला, तरी माशांवरील दबाव वाढण्याबाबत चर्चाही सुरू झाली आहे. पाण्याखालील कॅमेरा स्वच्छ पाण्यात तळाचा पोत पाहण्यास उपयोगी पडतो, मात्र तपकिरी वा गढूळ पाण्यात त्याची मर्यादा लवकर जाणवते.

मिनेसोटात हिवाळ्यात एका व्यक्तीस दोन गळदोऱ्या वापरता येतात. त्यांपैकी एक हाताने हलवली जाते. तिला चमचाकृती धातूचे आमिष व त्यावर लहान माशाचे डोके लावलेले असते. काही आमिषांत खुळखुळणारे मणी असतात. त्यांची कंपने मासा आपल्या पार्श्वरेखेने टिपतो, त्यामुळे गढूळ पाण्यात दूरचा मासा जवळ बोलावण्यास ती उपयुक्त ठरतात. दुसरी दोरी जिवंत लहान माशासह तळापासून थोडी वर स्थिर ठेवली जाते. पहिली मासा आकर्षित करते व दुसरी कचरणाऱ्या माशाला टिपते. सोनारवर मासा वर येताना दिसल्यास आमिष त्याच्यापेक्षा किंचित वर ठेवून सावकाश उचलले जाते. आमिष खाली, माशाकडे सोडल्यास तो बहुधा माघार घेतो.

सुरक्षितता

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी जाण्यासाठी किमान ४ इंच (सुमारे १० सेंमी) व स्नोमोबाईलसाठी ५ ते ७ इंच नवा, स्वच्छ बर्फ आवश्यक असतो. हिम मिसळलेला पांढरा बर्फ कमजोर असल्याने त्यासाठी जाडी दुप्पट धरावी लागते. कोणताही बर्फ पूर्णतः सुरक्षित मानला जात नाही. मासे शोधण्यासाठी सतत फिरावे लागत असल्याने येथे जाडी एकदाच न मोजता वाटेत वारंवार तपासणे आवश्यक ठरते.

मोठ्या व उघड्या तलावांवर वाऱ्याचा धोका वेगळा असतो. हंगामाच्या आरंभी जोरदार वाऱ्याने बर्फाचा विस्तीर्ण तुकडा किनाऱ्यापासून सुटून वाहू शकतो. अपर रेड लेकवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २०० मच्छीमार अशा तुकड्यावर अडकले होते. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस पुन्हा शंभराहून अधिक लोकांची सुटका करावी लागली. बर्फातून वर येण्यासाठीचे टोकदार हातखिळे, तरंगणारा पोशाख, दोर व होकायंत्र जवळ बाळगण्याची शिफारस केली जाते. सपाट, झाडे नसलेल्या विस्तारावर हिमवादळात किनारा दिसेनासा होतो.

रेड लेकचा ऱ्हास व पुनरुज्जीवन

रेड लेकच्या पाण्याचा बहुतांश भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक राष्ट्राच्या हद्दीत आहे. अपर रेड लेकच्या पूर्वेकडील सुमारे १९० चौ. किमी क्षेत्र राज्याच्या अखत्यारीत असून सर्वसाधारण मच्छीमारांना केवळ तेथेच मासेमारी करता येते. बर्फावर कोणतीही खूण नसलेली ही सीमा ओलांडली जाऊ नये, यासाठी जीपीएसचा वापर महत्त्वाचा असतो.

पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईच्या काळात, १९१७ मध्ये, येथे व्यावसायिक मासेमारी सुरू झाली. अतिरिक्त पकडीमुळे १९९० च्या दशकात वॉलआयची संख्या कोसळली. रेड लेक राष्ट्राने १९९७ मध्ये आपली व्यावसायिक मासेमारी स्वतःहून थांबवली. १९९९ मध्ये रेड लेक राष्ट्र, मिनेसोटा राज्य व केंद्रीय इंडियन व्यवहार विभाग यांच्यात करार होऊन वॉलआय पकडण्यावर संपूर्ण बंदी आली. १९९९, २००१ व २००३ मध्ये पिल्ले सोडण्यात आली. दरम्यानच्या काळात ब्लॅक क्रॅपी या माशाची संख्या बरीच वाढली व हिवाळी मच्छीमार त्याच्यासाठी तलावावर येत राहिले. वॉलआयची संख्या पूर्ववत झाल्यावर २००६ मध्ये मर्यादित स्वरूपात मासेमारी पुन्हा खुली झाली. राज्याच्या क्षेत्रात तेव्हापासून दैनिक मर्यादा व आकारमर्यादा लागू असून संख्येच्या पाहणीनुसार त्या बदलल्या जातात.

सपाट तलावाच्या संदर्भात या नियमांना विशेष अर्थ आहे. मच्छीमार फिरत्या थव्यांचा माग काढतो, तेव्हा एकूण संख्या घटत असतानाही उरलेल्या थव्यांवर त्याला भरपूर मासे मिळत राहू शकतात. त्यामुळे केवळ पकडीवरून तलावाची स्थिती कळत नाही. यासाठी जाळ्यांद्वारे नमुना पाहणी व पकडलेल्या माशांची मोजदाद या दोन्हींचा आधार घेतला जातो. सोडून द्यायचा मासा कडाक्याच्या थंडीत हवेत ठेवल्यास त्याचे कल्ले व डोळे गोठून इजा होते. म्हणून तो ओल्या हातांनी धरून ताबडतोब छिद्रात सोडला जातो.

हेही पाहा

वॉलआय
बर्फावरील मासेमारी
ॲगासिझ सरोवर
रेड लेक (मिनेसोटा)
विनिपेग सरोवर