महामारीच्या उन्हाळ्यातील एक घर : लंडन, १६६५

महामारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम मृतांच्या संख्येकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. १६६५ साली लंडनमध्ये जो प्लेग झाला, त्यात ६८,५९६ माणसे दगावल्याची नोंद तत्कालीन मृत्युपत्रकांत आहे. प्रत्यक्ष संख्या एक लाखाच्या घरात असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चौदाव्या शतकात युरोपात शिरलेल्या प्लेगच्या दीर्घ साथीचा इंग्लंडमधील हा अखेरचा मोठा उद्रेक होय. हा रोग प्लेगच्याच जंतूंमुळे झाला होता, हे लंडनच्या एका जुन्या दफनभूमीतील अवशेषांवरून २०१६ साली सिद्ध झाले. परंतु या सर्व ज्ञानाने एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्या उन्हाळ्यात घरातली माणसे कशी वागली? पती-पत्नींचा दिवस कसा गेला? या प्रश्नाचा विचार एका दांपत्याच्या आधारे करणे, आणि तो ज्या साधनावर अवलंबून आहे त्या साधनाची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हे दांपत्य म्हणजे सॅम्युएल पीप्स आणि त्याची पत्नी एलिझाबेथ. पीप्स हा नौदल कार्यालयातील एक वरिष्ठ अधिकारी होता. कार्यालयाला लागूनच सीदिंग लेनमध्ये त्याचे सरकारी निवासस्थान होते. १६६५ साली त्याचे वय बत्तीस आणि तिचे सुमारे पंचवीस होते. विवाहास दहा वर्षे होत आली होती, अपत्य नव्हते. घरात दासी होत्या, नोकर होते आणि एलिझाबेथच्या सोबतीस मेरी मर्सर नावाची तरुणी होती. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ या काळात पीप्सने लघुलिपीत रोजनिशी लिहिली. ती पुढे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात राहिली आणि तिचा उलगडा होऊन पहिली संक्षिप्त आवृत्ती १८२५ साली निघाली. पुढील तारखा तत्कालीन इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे आजच्या गणनेहून दहा दिवस मागे, आहेत.

रोगाची पहिली चाहूल रोजनिशीत ३० एप्रिल रोजी लागते. शहरात दोनतीन घरे बंद केल्याची वार्ता तीत नमूद आहे. तरीही मे महिन्यात या घराचा क्रम फारसा बदललेला दिसत नाही. एलिझाबेथने ब्राउन नावाच्या चित्रकाराकडे लघुचित्रणाचे धडे सुरू केले होते. पीप्सची आई गावाहून लंडनला आली होती. पुढे ७ जून उजाडला. आयुष्यात अनुभवलेला सर्वांत उष्ण दिवस, असे त्याचे वर्णन पीप्स करतो. त्याच दिवशी ड्रुरी लेनमध्ये तांबड्या फुलीने खुणावलेली दोनतीन घरे त्याने प्रथम पाहिली. फुलीबरोबर ईश्वराच्या दयेची याचना लिहिलेली होती. ते पाहून तो इतका अस्वस्थ झाला की, हुंगण्यासाठी व चघळण्यासाठी त्याने तंबाखूची गुंडाळी विकत घेतली. तंबाखूने रोग टळतो, हा त्या काळचा सर्वसामान्य समज होता.

तीनच दिवसांनी रोग शेजारी आला. जवळच्या फेनचर्च स्ट्रीटवर राहणारे डॉ. बर्नेट यांच्या घरी प्लेग शिरला. डॉक्टरांनी ही गोष्ट लपविली नाही. आपण होऊन घर बंद करून घेतले आणि त्यामुळे शेजाऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला. पीप्स मात्र त्या रात्री आपल्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याच्या चिंतेत झोपी गेला. १७ जूनला होबर्नमधून जात असता त्याच्या भाड्याच्या गाडीचा सारथी एकाएकी आजारी पडला. २२ जूनला आईची गावी रवानगी झाली. तिला आणखी राहावयाचे होते आणि निघण्यास उशीर केल्यामुळे गाडीतील चांगली जागाही हातची गेली. आठवड्याची प्लेगबळींची संख्या महिन्याच्या मध्यास ११२ होती. ती महिनाअखेर २६७ झाली. राजदरबार हलू लागला होता.

अशा स्थितीत ५ जुलैस या घराचे दोन भाग झाले. एलिझाबेथ दोन दासींसह टेम्सच्या काठी वुलिच येथे, नौदलाच्याच एका कर्मचाऱ्याच्या घरी, राहावयास गेली. इंग्लंडचे हॉलंडशी युद्ध चालू असल्यामुळे पीप्सला शहर सोडणे शक्य नव्हते. त्या रात्रीच्या नोंदीत त्याच्या मनाची द्विधा अवस्था स्पष्ट दिसते. पत्नीच्या वियोगाचे दुःख तो नोंदवितो; आणि रोगाच्या दिवसांत घरातल्या माणसांची काळजी वाहण्याचा त्रास असतो, हेही त्याच नोंदीत लिहून जातो. प्रेम आणि सुटका या दोन्ही भावना त्याने एकाच ठिकाणी ठेवल्या, हे या साधनाचे मोठे मोल होय.

भीतीचे खरे स्वरूप २९ जुलैच्या प्रसंगात दिसते. विल ह्यूअर हा पीप्सचा विश्वासू मदतनीस. त्या दुपारी पीप्स जेवावयास घरी आला, तो विल डोकेदुखीने त्याच्याच बिछान्यावर पडलेला. पीप्सला विलक्षण भय वाटले. विलचे मन खचू न देता त्याला घराबाहेर कसे काढावे, या खटपटीस त्याने घरच्या माणसांना लावले. ती डोकेदुखी प्लेगची नव्हती, विल जगला. परंतु सप्टेंबरच्या मध्यास त्याचे वडील प्लेगने गेले. ज्याच्या सावलीची काही तास धास्ती घेतली गेली, त्याच माणसाच्या शोकाची नोंद सहा-सात आठवड्यांनी त्याच रोजनिशीत करावी लागली.

ऑगस्टमध्ये पीप्सने नवे मृत्युपत्र केले. दोन दिवसांच्याही आयुष्याचा भरवसा उरला नाही, असे कारण त्याने दिले आहे. २५ ऑगस्टला डॉ. बर्नेट वारले. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात प्लेगचे अधिकृत बळी ६,१०२ होते. गरिबांची व क्वेकर पंथीयांची गणना नीट होत नसल्याने खरा आकडा दहा हजारांच्या जवळ असावा, असे पीप्सने तेव्हाच ओळखले होते. याच सुमारास तोही वुलिचला पत्नीकडे राहावयास गेला. तेथे ३ सप्टेंबरच्या सकाळी त्याने रंगीत रेशमी पोशाख आणि नवा केसांचा टोप घातला. हा टोप बरेच दिवस तसाच पडून होता. कारण तो विकत घेतला तेव्हा वेस्टमिन्स्टरमध्ये प्लेग होता. साथ सरल्यावर टोपांच्या फॅशनचे काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला. केस प्लेगने मेलेल्यांचे असतील, या भयाने कोणी ते घेणार नाही, असे त्याला वाटले. मृत्यूच्या सान्निध्यातही माणूस कपड्यालत्त्याची चिंता करतो. हा उथळपणा म्हणता येत नाही. नित्यक्रम हाच अशा वेळी धीराचा आधार असतो.

तथापि हा आधार सर्वांना सारखाच उपलब्ध नव्हता. ज्या घरावर तांबडी फुली पडे, त्यातील निरोगी माणसेही रोग्यांसमवेत कोंडली जात आणि दाराशी रात्रंदिवस पहारा असे. पीप्स दांपत्याजवळ दुसरे घर होते, ये-जा करण्यास नाव होती. शिवाय पैसाही वाढत होता. ज्या विवाहामुळे मुंबई इंग्रजांकडे आली, त्याच विवाहाच्या हुंड्यात टँजिअरही होते, आणि टँजिअरच्या कारभारासाठी नेमलेल्या समितीचा खजिनदार पीप्स मार्च १६६५ मध्ये झाला होता. ३१ डिसेंबरला त्याने हिशेब केला, तेव्हा वर्षारंभीचे १,३०० पौंड ४,४०० झाले होते. या प्लेगच्या दिवसांइतका आनंद कधी भोगला नाही, असेही त्याने लिहून ठेवले. आपल्या खर्चाने झालेल्या नृत्याच्या मैफलींचाही त्याने उल्लेख केला. ही नोंद वाचकास खटकते, परंतु त्याच कारणाने ती विश्वसनीय आहे.

येथे साधनाच्या मर्यादेचा प्रश्न उपस्थित होतो. या आनंदात एलिझाबेथचा वाटा किती? परक्या घरात आठवडेच्या आठवडे काढताना तिला काय वाटले? रोजनिशीत ती बहुतेक सर्वत्र ‘माझी पत्नी’ म्हणून येते, नावाने नव्हे. जोडीदाराचे नाव न घेण्याची रूढी मराठी वाचकास परिचित आहे. पण इथे त्या शब्दयोजनेमुळे सर्व घटना एकाच केंद्राभोवती फिरू लागतात. ती जाते, येते, रागावते, चित्र काढते. आणि प्रत्येक क्रियेचा अर्थ पती लावतो. परस्त्रियांविषयी लिहिताना मात्र पीप्सची भाषा बदलते आणि इंग्रजी वाक्यात फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन शब्द मिसळतात. केवळ गुप्तताच हवी असती, तर लघुलिपी पुरेशी होती. शिवाय एलिझाबेथ फ्रेंच पित्याची मुलगी होती. तेव्हा हा भाषापालट स्वतःच्याच नजरेपासून अंतर राखण्यासाठी असावा, असे अनुमान करता येते.

एलिझाबेथचा मजकूर आपल्यापर्यंत न येण्यामागे केवळ काळाचा दोष नाही. आपल्या एकाकी आणि कंटाळवाण्या जीवनाची कैफियत तिने एकदा लिहिली होती. ती पतीने न वाचताच जाळली. तिने जपून ठेवलेली तिची प्रत ९ जानेवारी १६६३ रोजी त्याला वाचून दाखविली. मजकूर खरा होता, हे पीप्स स्वतः कबूल करतो. परंतु तो इंग्रजीत होता आणि इतरांच्या हाती लागला असता, म्हणून त्याने तो तिच्यादेखत फाडला. सोबत आपली जुनी प्रेमपत्रेही फाडली. त्याची कैफियत लघुलिपीत सुरक्षित राहिली. तिची उघड इंग्रजीत असल्यामुळे नष्ट झाली. १६६५ च्या उन्हाळ्यात तिने असे काही लिहिले असेल किंवा नसेल. पण अशा लिखाणाचे काय होते, हे तिला ठाऊक होते.

एलिझाबेथ १० नोव्हेंबर १६६९ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ज्वराने वारली. महामारीने जे घर सोडले, त्याला साध्या तापाने गाठले.

या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित असला तरी उपयुक्त आहे. महामारीतील गृहजीवनाचा इतिहास दैनंदिन नोंदींवाचून लिहिता येणार नाही. आकड्यांना माणसाचा चेहरा त्यांतूनच लाभतो. परंतु अशी नोंद हाती आली की, ती कोणी लिहिली, कोणत्या भाषेत लिहिली आणि त्याच घरातील दुसऱ्या कोणाचा कागद टिकला नाही, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. २०२० सालच्या टाळेबंदीत असंख्य घरांतून टिपणे लिहिली गेली. त्या उन्हाळ्याचा इतिहास पुढे कोणी लिहू लागेल, तेव्हा एका घरातून एकच वही त्याच्या हाती आली, तर त्याने दुसरीचा शोध घ्यावा; आणि ती न मिळाल्यास तिची रिकामी जागा आपल्या लेखनात रिकामीच दाखवावी.