‘डच’ कपाटाची मागची फळी

१/१७
कामोठ्यासारख्या सिडकोच्या वसाहतीत नवे घर लावताना एखादे जुने लाकडी कपाट घ्यावे, असा विचार हल्ली बऱ्याच घरांत होतो. मग चोरबाजारातील मटन स्ट्रीट किंवा ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार धुंडाळला जातो. तेथे एक शब्द वारंवार कानी पडतो : ‘डच’. तो उच्चारला की किंमत चढते. हा शब्द नेमके काय सांगतो आणि काय झाकतो, त्याचा हा मागोवा.

२/१७
प्रारंभ नेदरलँड्सपासून करावा लागेल. सतराव्या शतकातील सधन डच घरात कपाट ही सर्वांत मानाची वस्तू होती. त्यात तागाच्या चादरी व वस्त्रे घडी करून ठेवली जात आणि माथ्यावर चिनी मातीची वा डेल्फ्टची भांडी मांडली जात. घराची ऐपत पाहुण्याला कपाटावरूनच कळे.

३/१७
या कपाटांची ठेवण ओळखीची आहे. दारांवर उशीसारखे फुगीर चौकोन, खाली चेंडूसारखे गोल पाय, वर जड कंगोरा. अठराव्या शतकात खालचे खण पोटाशी फुगीर झाले आणि माथ्याला कमानीचा बाक आला. सांगाडा बहुधा ओक लाकडाचा असे. दर्शनी भागावर आबनूस वा शिसव यांसारख्या महाग लाकडाचे पातळ व्हिनिअर चिकटवलेले असे.

४/१७
१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६१९ मध्ये बटाविया म्हणजे आजचे जकार्ता, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची तिच्या ताब्यात आले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मायदेशातल्यासारखी कपाटे येथेही हवी होती. पण येथील हवेपुढे मायदेशाची रीत टिकेना.

५/१७
दमट हवेत सरस सुटतो, चिकटवलेले व्हिनिअर उचकटते, आणि वाळवी परके लाकूड म्हणून दया दाखवत नाही. म्हणून आशियातील ‘डच’ कपाट भरीव लाकडाचे घडू लागले : साग, फणस, शिसव, आबनूस. कोपऱ्यांना व कुलपांभोवती पितळी पत्रे आले. आकार ॲमस्टरडॅमचा राहिला; लाकूड व कारागिरी मात्र आशियाची झाली.

६/१७
हे हात कोणाचे होते? श्रीलंकेत सिंहली सुतारांचे, बटावियात चिनी कारागिरांचे, आणि कंपनीने गुलाम करून राबवलेल्या माणसांचेही. बटावियात कारागीर गुलामांसाठी कंपनीचा स्वतंत्र कामवाडाच होता. मालकांच्या मृत्युपश्चात सामानाच्या याद्या झाल्या, लिलाव झाले. त्यामुळे कपाटांच्या मालकांची नावे दप्तरात सापडतात. घडवणाऱ्याची सही कपाटावर क्वचितच दिसते.

७/१७
याच काळातील एक उदाहरण याच्या अगदी उलट आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र छापलेले आहे. या तिघांचे प्रमाणपत्र कोकणीत, नागरी लिपीत आहे.

८/१७
झाडांची माहिती सांगणाऱ्यांची नावे अशी ग्रंथात उरली. त्याच झाडांच्या लाकडातून कपाटे घडवणाऱ्यांची उरली नाहीत. ‘डच’ हा शब्द आज त्या रिकाम्या जागी बसलेला आहे.

९/१७
नाव चिकटण्याची गंमत मट्टनचेरीत दिसते. तेथील ‘डच पॅलेस’ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास कोचीच्या राजासाठी बांधून दिला. नंतर डचांनी त्याची दुरुस्ती केली. बांधणारे बाजूला राहिले आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे नाव कायम झाले. वाड्याचे जे झाले, ते कपाटाचेही होऊ शकते.

१०/१७
महाराष्ट्रात डचांचे ठळक ठाणे म्हणजे वेंगुर्ले. १६३७ मध्ये आदिलशाही दरबाराशी बोलणी करून त्यांनी तेथे वखार उभारली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवणे, व्यापार करणे आणि बातम्या कळवणे ही तिची कामे. वेंगुर्ल्याहून गेलेली डच पत्रे शिवकालाच्या अभ्यासकांना म्हणूनच मोलाची वाटतात. वखारीचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. पण हे व्यापारी ठाणे होते. कोची वा कोलंबोसारखे मोठे डच नगर तेथे वसले नाही. ‘वेंगुर्ल्याचे डच कपाट’ असा दावा कोणी केला, तर पुरावा मागणे रास्त ठरते.

११/१७
शिवाय मराठी घराची रीत वेगळी होती. वाड्यात सामान भिंतीतल्या फडताळात, कोनाड्यात आणि पेटाऱ्यात राही. सुटे उभे कपाट पुढे युरोपीय संपर्कातून रुळले. ‘अलमारी’ हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्मारिओ’वरून आला आहे. ‘कपाट’ हा संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ दाराची फळी.

१२/१७
मग मुंबईच्या बाजारात ‘डच’ म्हणून काय विकले जाते? कोचीतून आलेले अस्सल जुने कपाट असू शकते. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईतच शिसवी लाकडाचे भरगच्च कोरीवकामाचे फर्निचर घडत होते; गोव्याची इंडो-पोर्तुगीज परंपरा होती. कोची १७९५ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि १७९९ अखेर डच कंपनीच संपली. त्यानंतर घडलेले कपाट डच वळणाचे असेल. डच अमदानीचे नव्हे.

१३/१७
निवड करताना म्हणून आधी कपाटाची पाठ पाहावी. मागची फळी, खणाचा तळ, कंगोऱ्याची वरची बाजू : येथे सजावट नसते, त्यामुळे लपवालपवीही कमी असते. ओकच्या सांगाड्यावर व्हिनिअर असेल, तर कपाट युरोपात घडले असण्याचा संभव अधिक. आत-बाहेर भरीव साग वा फणस असेल, तर ते आशियात घडले असण्याचा.

१४/१७
मग खुणा वाचाव्यात. हातकरवतीच्या रेघा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतात. कमानीसारख्या रेघा यंत्राच्या गोल करवतीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या वा नंतरच्या. हाताने कापलेले डव्हटेल सांधे एकसारखे नसतात. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे. भलत्याच जागी बुजवलेली भोके दिसली, तर जुन्या घराचे वासे चिरून नवे कपाट बनवले असावे. तसे कपाट घेण्यात गैर काही नाही. फक्त ते दोनशे वर्षांचे म्हणून घेऊ नये.

१५/१७
कामोठे खाडीच्या दमट हवेतले. छिद्रांखाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग घरप्रवेश. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. लिफ्टची उंची मोजावी. जुनी मोठी डच कपाटे मुळात सुटी करता येतील अशीच बांधलेली असत, म्हणून ती खिळे ठोकून कायमची जखडलेली नाहीत ना, हेही पाहावे. जुने पॉलिश खरवडून काढू नये. वयाची साक्ष त्यातच असते.

१६/१७
‘अँटिक’ आणि ‘विंटेज’ हा भेदही लक्षात असावा. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार कलाकुसरीची वस्तू किमान शंभर वर्षांची झाली की पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. विंटेज म्हणजे त्याहून अलीकडचे. उत्रेख्तमध्ये १९१३ मध्ये सुरू झालेल्या ‘पास्टो’ची विसाव्या शतकाच्या मध्यातील साधी, सरळ रेषांची कपाटे त्यात मोडतात. लहान सदनिकेला ती अनेकदा अधिक शोभतात.

१७/१७
कामोठ्याशेजारचे पनवेल एकोणिसाव्या शतकात बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. घाटावरून येणारा गाडीवान ऐपत असल्यास तेथून चाकांची जोडी घेऊन परते. त्या चाकाला गावाचे नाव मिळाले, कारण ते कोठे घडते हे घेणाऱ्याला ठाऊक होते. पुढे १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे बनू लागली, तीही आपल्या कर्त्याच्या नावाने ओळखली गेली. लाकडी कपाटाच्या वाट्याला मात्र ग्राहकाचे नाव आले. म्हणून विक्रेत्याला ‘हे डच आहे का?’ असे विचारू नये. ‘हे कोणत्या लाकडाचे, कोठे घडलेले, कोणत्या घरातून आलेले?’ असे विचारावे. उत्तर मिळाले, तर ते कागदावर लिहून कपाटाच्याच एका खणात ठेवावे. पुढच्या पिढीला निदान तेवढे तरी शोधावे लागणार नाही.

(समाप्त)