मातृदुग्धदान आणि दुग्धपेढ्यांचे कार्य

मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा अत्यल्प वजनाच्या बालकासाठी आईचे दूध हे केवळ अन्न नसून संरक्षक कवचही असते. मात्र आई गंभीर आजारी असेल, तिला पुरेसे दूध येण्यास विलंब होत असेल किंवा प्रसूतीच्या वेळी तिचा मृत्यू झाला असेल, तर त्या बालकापुढे जन्मतःच जीवनमरणाचा प्रश्न उभा राहतो. अशा बालकांसाठी अन्य मातांनी स्वेच्छेने दिलेले दूध संकलित करून, ते निर्जंतुक करून पुरविण्याचे कार्य मातृदुग्ध पेढ्या करतात.

दुसऱ्या स्त्रीच्या दुधावर बालकाचे पोषण होणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. छत्रपती संभाजी महाराजांना कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजल्याचे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. या जुन्या परंपरेला वैद्यकीय तपासणीची जोड मिळून दुग्धपेढीची संकल्पना आकारास आली. जगातील पहिली दुग्धपेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झाली.

मुंबईत पहिली पेढी

शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ही आशिया खंडातील पहिली पेढी मानली जाते. नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिची उभारणी केली. धारावीसारख्या दाट वस्तीतून या रुग्णालयात येणाऱ्या अशक्त नवजात बालकांना बाटलीच्या दुधातून होणारा जंतुसंसर्ग घातक ठरत होता. एचआयव्हीच्या भीतीमुळे त्याच दशकात पाश्चात्त्य देशांतील अनेक दुग्धपेढ्या बंद पडल्या होत्या. या पार्श्वभूमीवर मुंबईतील हा प्रयत्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पर्यायी दूध का अपुरे?

आईच्या दुधात रोगप्रतिकारक घटक असतात. विशेषतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील चिकात त्यांचे प्रमाण मोठे असते. पावडरच्या दुधातून हे संरक्षण मिळत नाही. मुदतपूर्व बालकांची आतडी अपरिपक्व असल्याने त्यांना नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा आतड्यांच्या दाहाचा गंभीर विकार होण्याचा धोका असतो. पावडरच्या दुधाच्या तुलनेत दात्या मातेचे दूध दिल्यास हा धोका कमी होतो. त्यामुळे आईचे स्वतःचे दूध उपलब्ध नसल्यास अल्पवजनी बालकांना दात्या मातेचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

एक किलो वजनाच्या बालकाला पूर्ण आहार सुरू झाल्यावर दिवसाला साधारणपणे १५० ते १८० मिलिलिटर दूध लागते. एखाद्या मातेने दिलेले पेलाभर दूधही अशा बालकाची दिवसभराची गरज भागवू शकते.

दान कोण करू शकते?

स्वतःच्या बाळाचे पोट भरल्यानंतर अतिरिक्त दूध असलेली निरोगी माता दान करू शकते. ज्यांचे बाळ अतिदक्षता विभागात आहे, किंवा ज्यांनी आपले बाळ गमावले आहे, अशा माताही दान करू शकतात. दात्या मातेची लेखी संमती घेऊन तिच्या आरोग्याची माहिती नोंदविली जाते. एचआयव्ही, कावीळ ब व क आणि उपदंश यांसाठी रक्ताची तपासणी होते. तंबाखू, मद्य किंवा अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या, तसेच बालकाला अपायकारक ठरतील अशी औषधे घेणाऱ्या मातांचे दूध स्वीकारले जात नाही. या दानासाठी मोबदला दिला जात नाही.

प्रक्रिया

हात स्वच्छ धुऊन, हाताने किंवा पंपाच्या साहाय्याने दूध काढले जाते. ते निर्जंतुक भांड्यात साठवून त्यावर नोंदणीची चिठ्ठी लावली जाते. त्यानंतर दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे तापवून लगेच थंड केले जाते. या पाश्चरीकरणामुळे एचआयव्हीसह अनेक घातक विषाणू व जिवाणू नष्ट होतात. उष्णतेमुळे काही संरक्षक घटकही कमी होतात. म्हणून आईच्या ताज्या दुधालाच नेहमी प्रथम पसंती दिली जाते. प्रक्रिया केलेल्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो व दोष नसल्यास ते दूध उणे २० अंश तापमानाला साठविले जाते. वैद्यकीय सल्ल्यानुसार, सर्वाधिक गरज असलेल्या बालकांना ते प्राधान्याने दिले जाते.

शासकीय धोरण

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये यासंबंधी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी त्रिस्तरीय रचना ठरविण्यात आली. व्यापक स्तनपान व्यवस्थापन केंद्रांत दात्या मातांचे दूध संकलित करून त्यावर प्रक्रिया केली जाते; स्तनपान व्यवस्थापन कक्षांत मातेचे दूध तिच्याच बाळासाठी साठविले जाते; तर प्रसूती होणाऱ्या सर्व केंद्रांवर स्तनपानाविषयी मार्गदर्शन देणारे साहाय्य कक्ष असावेत, असे अपेक्षित आहे. केरळमध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२१ मध्ये अशी पेढी सुरू झाली. राजस्थान, तामिळनाडू व दिल्ली येथेही शासकीय रुग्णालयांत पेढ्या उभ्या राहिल्या आहेत.

मातेच्या दुधाचा व्यापार मात्र मान्य नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ अन्वये मानवी दुधाची प्रक्रिया किंवा विक्री करण्यास परवानगी नसल्याचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले. विक्रीला मोकळीक मिळाल्यास गरीब मातेवर स्वतःच्या बाळाच्या तोंडचे दूध विकण्याची वेळ येऊ शकते, ही त्यामागील मोठी चिंता आहे.

समाजमाध्यमांवरून परस्पर दुधाची देवाणघेवाण करणेही धोक्याचे आहे. त्यात रक्ततपासणी, निर्जंतुकीकरण व शीतसाखळी यांची खात्री नसते आणि घरी दूध उकळणे हा पाश्चरीकरणाला पर्याय नाही. दान करू इच्छिणाऱ्या मातांनी, तसेच दुधाची गरज असलेल्या बालकांच्या पालकांनी, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु विभागात चौकशी करावी.