डेट्रॉइटच्या पेढीवाल्याचा भाव

एका डॉलरला ३६० येन! हा भाव ठरला तो युद्धात खचलेल्या जपानवर अमेरिकनांचा अंमल असताना. देशाची आर्थिक घडी बसवायला अमेरिकेने जोसेफ डॉज नावाचे पेढीवाले धाडले आणि एप्रिल १९४९ मध्ये हा भाव लागू झाला. डॉजसाहेबांची पेढी कोठली म्हणाल, तर मोटारींचे माहेरघर जे डेट्रॉइट, तेथलीच!

पुढे जपानचे कारखाने सुधारत गेले. भाव मात्र बावीस वर्षे जागचा हलला नाही. शाळेतले त्रैराशिकच घ्या ना. ७,२०,००० येनांची मोटार ३६० च्या भावाने २,००० डॉलरला पडते, १२० च्या भावाने ६,००० ला. मोटार तीच, कामगाराचा घामही तोच!

१९७१ साली तो भाव मोडला, येन चढला. पण १९८० नंतर डॉलर पुन्हा महागला. डेट्रॉइटचे बेकार कामगार जपानी मोटारींवर घण घालू लागले. चूल विझलेल्या माणसाचा राग खोटा कसा म्हणावा? तेल महागले तरी अवजड गाड्यांचा हट्ट न सोडणारे मालक मात्र घणातून सुटले. असो.

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेला वर्षाकाठी १६.८ लाखच मोटारी पाठवण्याचे कबूल केले. मग २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवायचे ठरवले. सुमारे २४० येनांचा डॉलर १९८७ अखेर जवळजवळ निम्म्यावर आला. तोवर होंडाने ओहायोत कारखाना थाटला होता. १९८२ पासून तेथे अमेरिकन कामगारच जपानी मोटारी जोडत होते, डॉलरात मजुरी घेऊन.